थोरलीचं राज्यशास्त्र आणि माझे रविवार

तुम्हा चौघा नातवंडांपैकी दोघांना मराठी वाचता येतं आणि दोघांना नुसतं ऐकता येतं. ज्यांना येतं त्यांनी मोठ्याने वाचावं, आणि भरभर वाचू नये. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीत लिहिते आहे. यातलं सगळं बोलणं मराठीत झालं. त्याचं इंग्रजी केलं तर ती माणसं दुसरीच कोणी वाटतील.

हे थोरलीच्या अभ्यासाबद्दल आहे. तिला यातलं बरंचसं माहीत आहे. पण रविवारी सकाळी आपल्या बेल्याच्या घरात तिच्या फोनच्या पडद्याबाहेर काय चाललं होतं, ते तिने पाहिलेलं नाही. बाकीच्या तिघांना तर काहीच माहीत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

गेल्या वर्षी पोळा झाला त्याच आठवड्यात थोरलीच्या बाबांचा, म्हणजे माझ्या मुलाचा, अमेरिकेहून फोन आला.

"आई, तू तिला समजाव. तुझं ऐकेल ती."

"काय समजावू?"

"राज्यशास्त्र घ्यायचं म्हणते. मुख्य विषय म्हणून. मी म्हटलं, इकॉनॉमिक्स घे, निदान पुढे काहीतरी होतं. तूच सांग ना. तू बी.ए. राज्यशास्त्रातच केलंस. काय झालं पुढे?"

"पुढे तू झालास," मी म्हटलं.

तो हसला, पण विषय सोडला नाही. मी म्हटलं, समजावण्याआधी मला समजू दे. तुझ्या मुलीच्या कॉलेजात त्या विषयासाठी काय काय करावं लागतं, ते पान मला पाठव.

माझं राज्यशास्त्र कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं. मी ते निवडलं नव्हतं, मला ते मिळालं. नागपूरच्या कॉलेजात ज्या विषयांचे तास दुपारच्या आत संपत, ते विषय मुलींना देत, कारण उजेडी घरी परतता येई. राज्यशास्त्राचे तास सकाळी असत. तीन वर्षं मी राज्याची घटकतत्त्वं आणि सार्वभौमत्वाच्या व्याख्या पाठ केल्या, चांगल्या गुणांनी पास झाले, आणि त्या तीन वर्षांत तुला काय वाटतं, असं मला एकदाही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी घाबरून गाइड उघडलं असतं.

ते पान आलं. मोबाइलवर वाचून माझं समाधान होत नाही, म्हणून बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून आणलं आणि लाल पेन्सिल घेऊन बसले.

त्या कॉलेजला लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. आपल्याकडे बारावी झाली की मुलाला एका विषयाच्या दावणीला बांधतात, तसं तिथे नाही. पहिली दोन वर्षं मुलगी कुठेही चरते. थोरलीने पहिल्या वर्षी दुर्बिणीतून तारे पाहिले, माती मळून वाडगे केले आणि स्पॅनिश शिकली. मग दुसऱ्या वर्षात कधीतरी सांगायचं की आता हा माझा मुख्य विषय. राज्यशास्त्र सांगायचं असेल तर पायाचे चार अभ्यासक्रम: जुन्या विचारवंतांचा, देशादेशांच्या तुलनेचा, त्यांच्या स्वतःच्या कारभाराचा आणि देशांच्या आपसातल्या संबंधांचा. त्यावर वरच्या वर्गाचे आणखी काही. शेवटच्या वर्षी एकटीने लिहायचा लांबलचक प्रबंध. मध्ये, हवं असेल तर, अर्धं वर्ष दुसऱ्या देशात शिकायला जाता येतं. आणि या सगळ्याच्या आधी, दारात उभा असावा तसा एक अभ्यासक्रम: संशोधनाची पद्धत. त्यात बरे गुण पडले नाहीत तर आत घेत नाहीत.

दुसऱ्या देशातल्या अर्ध्या वर्षाच्या ओळीखाली मी लाल रेघ मारली. मग तीच रेघ पुन्हा एकदा गिरवली. भारत हाही त्यांच्या दृष्टीने दुसराच देश आहे.

मुलाला फोन करून मी सांगितलं, "वाचलं मी. विषय हलका नाही. मला हा असा शिकवला असता तर मी आणखी शिकले असते."

"म्हणजे तू तिच्याच बाजूची."

"मी वाचलेल्या पानाच्या बाजूची."

 तो म्हणाला, "ठीक आहे. ही पद्धतीची परीक्षा तिला नीट पार करू दे. झाली तर घेऊ दे राज्यशास्त्र. नाही झाली तर इकॉनॉमिक्स, आणि मग तू मध्ये पडायचं नाहीस."

अशी गोष्ट ठरली. पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला तो थोरलीचा. तोवर तिचा फोन म्हणजे वाढदिवसाला, सगळ्यांच्या हातातून फिरत येणारा. "हाय आजी, कशी आहेस? मी छान. बाबांना देते." या वेळी ती एकटी होती, आणि तिला माझ्याशी काम होतं. कामासाठी आलेल्या फोनची किंमत तुम्हाला आत्ता कळणार नाही. तब्येत विचारायला आलेला फोन दोन मिनिटांत संपतो. कामाचा फोन वाढत जातो.

तिला त्या अभ्यासक्रमासाठी एक छोटा शोध करायचा होता. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या, तेलंगणातल्या एका गावात बायका राजकारणाबद्दल कोणाशी बोलतात? बेल्याच्या बायका तिने निवडल्या, कारण इथे मी होते. प्रश्न मराठीत करायचे मी, बायका गोळा करायच्या मी, रविवारी सकाळी फोन लावून द्यायचा मी. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. त्यांच्या शास्त्रात अशा मधल्या माणसाला गेटकीपर म्हणतात, असं ती म्हणाली. मला आदिलाबादचं रेल्वे फाटक आठवलं आणि ते काम मला आवडलं.

दोन-तीन रविवार नुसते तयारीत गेले. "आजी, 'गव्हर्नमेंट'ला त्या काय म्हणतात?" "सरकार. नाहीतर 'ऑफिसवाले'." "आणि 'डिसअ‍ॅग्री'?" "पटत नाही." ती लिहून घेई. तिच्या मागे खिडकीत अंधार पडत जाई आणि माझ्या ओसरीवर ऊन चढत जाई. फोन मी पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायची. तो डबा मी अजून फळीवर परत ठेवलेला नाही.

आता माझी चूक. इतर कोणाच्या हातून ती झाली असती असं मला वाटत नाही. शिक्षकाच्याच हातून व्हावी अशी ती होती.

आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा आधीचा आठवडाभर एकच धडा चाले. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा ते ठरलेलं असे. उत्तर येणाऱ्याने उजवा हात वर करायचा, न येणाऱ्याने डावा. साहेबांना नुसते हात दिसत, सगळ्या वर्गाचे. यात फसवणूक आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवतात, तशीच ती गोष्ट होती.

तर पहिल्या मुलाखतींच्या आदल्या दुपारी मी बायकांना ओसरीवर बोलावलं. चहा केला, शेव-चिवडा ठेवला. मागच्या वाडीत भाजी पिकवणारी आमची शेजारीण आली. ती वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन आदिलाबादच्या मंडईला जाते आणि मला बाई म्हणते. तिची जाऊ आली. दोघी इथल्या महिला संघममध्ये, म्हणजे बचत गटात, आहेत. आणि समोरच्या घरातली सून आली. ती मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलात, क्लार्क आहे, शाळेत माझी विद्यार्थिनी होती. तिचे सासरे माझ्याबरोबर शिकवायचे. ती मला मॅडम म्हणते.

मी त्यांना प्रश्न वाचून दाखवले आणि म्हटलं, "कोणाशी बोलता असं विचारलं की सांगायचं, मी मैत्रिणींशी, शेजारणींशी आणि महिला संघममध्ये चर्चा करते. पटलं नाही तर काय करता? तर, आम्ही शांतपणे एकमेकींचं ऐकून घेतो. मत कोणाला देता? तर, स्वतः विचार करून देते."

भाजीवाली म्हणाली, "एवढं शांतपणानं कोन आयकते वं बाई?"

"तू ऐकतेस. उद्या सकाळी."

"अन् चर्चा म्हंजे?"

"बोलणं."

"मंग बोलनं म्हनू ना."

"चर्चा म्हण. तिकडे प्रोफेसर ऐकणार आहेत."

क्लार्क सून नुसती हसली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, आता मला वाटतं. पण वर्गात तिने कधी मला उलट उत्तर दिलं नव्हतं.

मला वाटत होतं की 'कोणाशीच नाही' किंवा 'मालक सांगतात तसं' अशी उत्तरं गेली तर गावाची शोभा होईल, पोरीचे गुण जातील, आणि मग इकॉनॉमिक्स. इकॉनॉमिक्स म्हणजे रविवारचे फोन बंद. हे शेवटचं मी तेव्हा मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं.

रविवारी भाजीवाली नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन पहिली बसली. थोरलीने नियमाप्रमाणे आधी वाचून दाखवलं की मावशी, तुम्हाला एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, आणि वाटेल तेव्हा उठून जा.

"उठूनच जाचं व्हतं त मंग बोलावलं काऊन?" भाजीवालीने मला विचारलं.

"तसं म्हणावं लागतं. तू बस."

पहिला प्रश्न आला आणि ती उठून उभी राहिली. हात जोडले, डब्याच्या वर कुठेतरी नजर लावली आणि शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हटलं, "मी माझ्या मैत्रिनींशी शेजारनींशी आनि महिला संघममधे चर्चा करते."

"बसा ना मावशी," थोरली म्हणाली.

"उत्तर संपलं का बसतो," ती म्हणाली.

जावेनेही तेच सांगितलं, फक्त चाल निराळी. तिसरी क्लार्क सून. तिने बिचारीने आपल्या परीने शब्द बदलले: "मी मैत्रिणींशी बोलते, शेजारी बोलते..." आणि थांबली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून भाजीवालीचा आवाज आला, खणखणीत:

"संघम राह्यलं! संघम सांग ना!"

पडद्यावर थोरलीचा चेहरा हलला नाही. मला आधी वाटलं, नेट अडकलं.

"आजी," ती म्हणाली, "तू त्यांना सांगितलंस काय बोलायचं?"

"थोडी तयारी करून घेतली."

"आजी, हे मला वापरता येणार नाही. काहीच नाही."

"पण चुकीचं कोणी काही बोललेलं नाही."

"तेच तर." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती थकल्यासारखी दिसली, तिच्या बाबांसारखी. "मी नंतर फोन करते, ओके?"

बायका आपापल्या चपला शोधायला लागल्या. कोणी चहाला थांबलं नाही.

पुढच्या रविवारी मी फोन डब्याला टेकवून ठेवला. ओसरी झाडली, चटई टाकली. फोन आला नाही. बेल्याला रविवारी सकाळी आवाज कमी नसतात: कापसाच्या गाड्या जातात, मोटरसायकली जातात, समोरच्या घरी बुद्धवंदना चालते आणि संपली की लहान मुलं अंगणात सुटतात. ते सगळे आवाज दुसऱ्या कोणाकोणासाठी होते. दुपारी मुलाचा फोन आला. "आई, तिचं जरा अडलंय. तू मनाला लावून घेऊ नकोस. बघू, इकॉनॉमिक्सला अजून वेळ आहे." माझी समजूत घालायलाच त्याने फोन केला होता, त्यामुळे मी नुसतं बरं म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी मी मागच्या वाडीत गेले. भाजीवाली मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून तिने हात थांबवले नाहीत.

"पोरगी नापास झाली का वं बाई, आमच्यापायी?"

"तुमच्यापायी नाही. आणि अजून झाली नाही."

"मी त बराबर म्हटलं व्हतं. एक शब्द नाई चुकवला."

"नाही चुकवलास. तेच चुकलं."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. तिच्याबरोबर मलाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. मी बांधावर बसले आणि विचारलं, "खरं सांग आता. कोणाशी बोलता तुम्ही असलं?"

"आटोत."

"आटोत?"

"मंडईले जाताना. आमी चौघीजनी अन् टोपल्या. बेल्यापासून आदिलाबादपर्यंत तेच चालते. कोन सरपंच खाऊन राह्यला, कोनाचं रेशन कटलं. भांडतो बी. एक डाव त त्याच्यापायी मी आटोतून उतरून गेली, अर्ध्या रस्त्यात. टोपली राह्यली आत." तिने जुडी फेकली ढिगावर. "आटोवाल्याले बी माहीत हाय आमी कोनाले पाडनार. शांतपणानं म्हने!"

मी विचारलं, "आणि तुझी जाऊ?"

"थे त भांडायलेच येते."

घरी परतताना माझ्या मनात आलं की या गावात मी इतकी वर्षं आहे, पण त्या आटोत मी कधी बसले नाही. बसते म्हटलं तर त्या सरकून जागा देतील, बाई बसा म्हणतील, आणि आदिलाबादपर्यंत कोणी तोंड उघडणार नाही.

थोरलीचा फोन त्या आठवड्याच्या शेवटी आला. तिने आपल्या सरांना सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: जे झालं ते टाकून देऊ नकोस, ते का झालं ते लिही, आणि नव्याने सुरुवात कर, दुसऱ्या बायका घेऊन, दुसऱ्या मधल्या माणसामार्फत.

"दुसऱ्या म्हणजे?"

"समोरची ताई. तिला मी विचारलंय. ती हो म्हणाली. तिच्या घरी करू."

"बरं केलंस. मी फोन लावून द्यायला येईन."

तिने वरचा ओठ चावला. शब्द शोधताना ती असंच करते. तुम्ही पाहिलं असेल. "आजी, तू त्या खोलीत नसावंस. सॉरी. म्हणजे, तू असलीस की त्या तुझ्याकडे बघतात. त्यांना वाटतं, तू मार्क देणार आहेस."

"बरोबर आहे," मी म्हटलं. बरोबरच होतं ते. त्या झेरॉक्सच्या पानावर मी स्वतः लाल पेन्सिल घेऊन वाचलेल्या विषयाचा तो नियम होता, आणि नियम मला कळतात.

त्यानंतरचे रविवार असे गेले. समोरच्या घरी वंदना आटोपली की बायका जमत. आपल्या ओसरीवरून त्यांच्या दारातल्या चपला दिसत. गल्ली अरुंद आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजू शकते. क्लार्क सून फोनचा आवाज मोठा ठेवायची, म्हाताऱ्या बायकांना ऐकू यावं म्हणून. थोरलीचा आवाज माझ्या घरात येत होता. शब्द नाही, नुसता आवाज. ती प्रश्न विचारायची तेव्हा शेवटाला वर जायचा. एकदा सगळ्या मोठ्याने हसल्या आणि तीही हसली. इतकं मोठ्याने हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. माझ्याशी बोलताना ती नेहमी जपून हसते.

मग मला वाटलं, खोलीत नसावंस म्हणजे ऐकूही नयेस. मी खुर्ची उचलून मागच्या अंगणात नेली. तिथे आवाज येत नाही, पण दुसरी एक गंमत होते. मागच्या अंगणात आपल्या फोनला पैनगंगेपलीकडचा टॉवर लागतो आणि लगेच संदेश येतो: महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे. त्या रविवारांना मला दर वेळी तेवढा एक संदेश येई. मी तो वाचून पुसून टाके, तांदूळ निवडी, आणि समोरून चपलांचा आवाज आला की खुर्ची परत पुढे आणी.

क्लार्क सून संध्याकाळी ऑफिसातून येताना कधी दारात थांबे. "मॅडम, मी तुमाले काई सांगू शकत नाई. तिनं सांगू नका म्हटलंय."

"मी विचारलंच नाही."

"नाई, तुमी विचारलं नाई. म्हनूनच सांगून राह्यली." मग तिने हळूच म्हटलं, "पन छान विचारते ती. गप बसते मधातच. आपल्याले वाटते, बोलावं."

ही स्तुती मी दोन दिवस पुरवली.

थंडी पडायला लागली तेव्हा, आडवारी, भलत्याच वेळी फोन वाजला. मी धावत गेले, कारण आडवारचा फोन म्हणजे काहीतरी वाईट अशी आपल्या घरात समजूत आहे.

"आजी, झालं! बी मिळाला. पास. आणि मी आज सांगून टाकलं डिपार्टमेंटला. राज्यशास्त्र."

"बाबांना सांगितलंस?"

"हो. ते म्हणाले, जा, आजीला सांग."

मी जेवलीस का विचारलं. ती हसली, आणि मग म्हणाली की त्या पहिल्या तीन मुलाखतींवर तिने चार पानं लिहिली आणि सरांना तेवढीच सगळ्यात आवडली.

"म्हणजे माझ्यावर लिहिलंस."

"नाव नाही लिहिलं."

"उभं राहिल्याचं लिहिलंस का?"

"ते आधी लिहिलं."

पुढे ती जे बोलली ते ऐकायची माझी तयारी नव्हती. पुढच्या वर्षीचं अर्धं वर्ष ती दक्षिण आफ्रिकेत जाणार होती. भारतही चालला असता, पण जिथे आपली माणसं आहेत तिथे मुलाखती कशा होतात ते तू पाहिलंसच, असं सर म्हणाले. नवं काही बघ. मी म्हटलं, सर योग्य सांगतात. लाल रेघेबद्दल मी तिला काही बोलले नाही. आज हे वाचताना तिला कळेल. त्यात तिने वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. रेघ माझी मी मारली होती.

मग ती म्हणाली, "आजी, एक विचारायचं राहिलं. हे कुठे लिहिणार नाही मी, तू नात्यातली आहेस, तुझं उत्तर धरता येत नाही. पण तू कोणाशी बोलतेस? राजकारणाचं?"

सगळ्या ओसरीला मी उत्तरं शिकवली होती. मला स्वतःला एकही येत नव्हतं. ती गप्प बसली. क्लार्क सुनेने सांगितलेलं ते गप्प बसणं हेच असणार. आणि मला वाटलं, बोलावं.

मी तिला तुमच्या आजोबांचं सांगितलं. ते तहसील कचेरीत होते, दर निवडणुकीला त्यांना ड्यूटी लागायची. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या मतदानाला त्यांनी मला मोठ्या रुबाबात बजावलं होतं की मत गुप्त असतं, नवऱ्यालासुद्धा सांगायचं नसतं. मी ऐकलं. संध्याकाळी ते पेट्या पोचवून आले, चहा घेताना म्हणाले, मग, कोणाला दिलंस? मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना, सांगायचं नसतं. तेव्हापासून दर निवडणुकीच्या संध्याकाळी ते ओळखायला बसायचे. आधी महिनाभर वर्तमानपत्रावरून माझ्याशी वाद घालायचे, ते सगळं त्यासाठीच, माझ्या मनात काय आहे ते काढायला. चहा पिऊन ते एक नाव घेत. मी म्हणे, चूक. बरोबर असलं तरी चूकच म्हणत असे. शेवटच्या वेळी ते दवाखान्यातून आले होते, मतदान करायला गेलेही नव्हते. मला बोटाची शाई दाखवायला सांगितली आणि नाव घेतलं. मी म्हटलं, चूक.

"त्यांच्यानंतर?" थोरलीने विचारलं.

"त्यांच्यानंतर दोनदा मत दिलं. कोणी ओळखायला बसलं नाही."

 मग बाबांनी हाक मारली म्हणून ती गेली.

परवा आमच्या पंचायतीची निवडणूक झाली. सरपंचाला पक्ष नसतो, नुसती चिन्हं असतात. या खेपेला अंगठी, कात्री आणि क्रिकेटची बॅट होती. भाजीवाली रांगेत माझ्या पुढे होती, मागे वळून म्हणाली, "बाई, शांतपणानं विचार करून द्या बरं," आणि पुढच्या-मागच्या बायका हसल्या. मी घरी आले, चपला काढल्या, एक कप चहा ठेवला. एक कप चहाला पाणी मोजणं मला अजून जमत नाही, थोडं जास्तच होतं.

फोनवर थोरलीचा संदेश होता. तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र असणार. चिन्हं तिला क्लार्क सुनेने कळवली असणार. एकच शब्द, मराठीत, आणि पुढे प्रश्नचिन्ह: कात्री?

मी चहा पुरा पिऊन घेतला आणि मग उत्तर लिहिलं: चूक.

खरंच चूक होतं का, ते मी इथेही लिहिणार नाही. बाकीच्या तिघांनी अजून काही विचारलेलं नाही. अंगठी आणि बॅट शिल्लक आहेत.